सायक्लोन टेलर : सरकारी नोकरी न सोडणारा हॉकीपटू

हिवाळकर
शनिवार, दुपारी ३:१०

लेकाच्या स्केट्सना धार लावून घ्यायला गेलो होतो. इथे व्हँकूव्हरात हॉकीच्या सामानाचं एक जुनं दुकान आहे, त्याच्या पाटीवर 'सायक्लोन टेलर' असं नाव आहे. सात वर्षांत ती पाटी शेकडो वेळा पाहिली असेल. मला आपलं वाटायचं, आपल्याकडे 'तुफान वडापाव' असतो तसलाच प्रकार. परवा गर्दी होती, यंत्रावर उडणाऱ्या ठिणग्या बघत उभा होतो, म्हणून सहज विचारलं. धार लावणारा पोरगा मान वर न करता म्हणाला, "माणूस होता तो. फार जुना प्लेयर."

त्या फार जुन्या प्लेयरच्या नादात महिना गेला. बायकोचं म्हणणं, एवढा वेळ मुलाच्या गणिताला दिला असता तर बरं झालं असतं. तिचं खरं आहे. पण हा माणूस डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

फ्रेड टेलर, जन्म १८८४, ओंटारियो प्रांतातल्या तारा नावाच्या खेड्यात. वडील शेतीची अवजारं विकत गावोगाव फिरायचे. फ्रेड लहान असतानाच बिऱ्हाड लिस्टोवेलला आलं. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरं त्यावर जी चढतात ती मार्चमध्येच उतरतात. याला स्केटिंग शिकवलं गावच्या न्हाव्याने. पुढे हा पियानोच्या कारखान्यात कामाला लागला, गावच्या संघातून खेळू लागला आणि पंचक्रोशीत नाव झालं.

१९०४ साली टोरोंटोहून फोन आला. ओंटारियो हॉकी असोसिएशनचे सचिव डब्ल्यू. ए. ह्युइट बोलत होते : टोरोंटोच्या मार्लबरोज संघाकडून खेळायला ये. टेलर नको म्हणाला. मग ओंटारियोत कुठेच खेळता येणार नाही, असं उत्तर आलं. आणि खरंच, वीस वर्षांचा हा पोरगा तो अख्खा हिवाळा घरी बसून राहिला. असोसिएशनचा तोरा असा की हॉकी हा सभ्य गृहस्थांचा हौशी खेळ, पैशाला शिवला तो बाटला. पैसे घेणारा बाटला, पण 'आम्ही सांगू तिथे खेळ, नाहीतर बस घरी' म्हणणारे मात्र सोवळ्यात. (आपल्याकडच्या क्रीडा संघटना आठवल्या तर तो निव्वळ योगायोग समजावा.)

पुढच्या हिवाळ्यात त्याने प्रांतच सोडला. आधी मॅनिटोबात पोर्टेज ला प्रेरीला आणि तिथून सीमेपलीकडे, मिशिगन राज्यातल्या हॉटन या तांब्याच्या खाणींच्या गावात. आइस हॉकीतली पहिली उघडउघड व्यावसायिक लीग इथली, १९०४ ते १९०७. त्यामागचा माणूस कोण, तर डॉक गिब्सन नावाचा दातांचा डॉक्टर. हॉकीचा धंदा दंतवैद्याने सुरू करावा यात मला तरी मोठी दूरदृष्टी दिसते. टेलर ४०० डॉलर आणि वरखर्चावर गेला आणि त्याचा पोर्टेज लेक संघ १९०६ आणि १९०७, दोन्ही वर्षी लीग जिंकला.

तेव्हाचा खेळ कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर याचं मोठेपण कळायचं नाही. आज गोलकीपर धरून सहा जण बर्फावर असतात, मिनिटभर जीव तोडून पळतात आणि बाकावर येऊन धापा टाकतात. तेव्हा सात जण असत. सातवा 'रोव्हर', म्हणजे मोकाट फिरणारा. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव, आणि उतरला तो साठही मिनिटं बर्फावर. मुख्य म्हणजे पुढे पास देता येत नसे. पुढच्या गड्याकडे पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती, ढकलला की खेळ थांबला. म्हणजे पक पुढे न्यायचा तर एकानेच तो काठीवर घेऊन, वाटेतल्यांना हुलकावण्या देत, स्वतः न्यायचा. कबड्डीत चढाईला एकटा जातो ना, तसं. अशा खेळात ज्याचे पाय पळतात तो राजा.

१९०७ च्या अखेरीस ओटावा सिनेटर्सनी त्याला बोलावलं. मोसमाचे ५०० डॉलर आणि, आता इकडे लक्ष द्या, केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्यात कारकुनी. दिवसा फायली, रात्री बर्फ. ओटावाने त्याला कव्हर पॉइंटला, म्हणजे बचावात, उभा केला. मागून पक घेऊन निघायचा तो अख्खं मैदान कापत. 'सायक्लोन' हे नाव इथलंच. सांगतात असं की गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे सामना बघायला बसले होते, त्यांच्या तोंडून निघालं की हा पोरगा म्हणजे चक्रीवादळ आहे, ते एका पत्रकाराच्या कानावर पडलं आणि दुसऱ्या दिवशी छापून आलं. १९०९ ला ओटावाने स्टॅनले कप, म्हणजे तिकडच्या हॉकीतला सर्वांत मानाचा करंडक, जिंकला.

मग आले रेन्फ्रूवाले. रेन्फ्रू हे ओटावापासून जवळचं, काही हजार वस्तीचं, दुधालोण्याचं गाव. तिथले एम. जे. ओब्रायन रेल्वेच्या कंत्राटांत आणि चांदीच्या खाणींत गब्बर झालेले. त्यांना आणि मुलगा अँब्रोजला गावासाठी स्टॅनले कप हवा होता. प्रस्थापितांनी दारात उभं केलं नाही, म्हणून डिसेंबर १९०९ मध्ये नवी लीगच उभी राहिली, नॅशनल हॉकी असोसिएशन. (मॉन्ट्रियल कॅनेडियन्स हा आजचा मानाचा संघ ओब्रायनच्याच पैशावर जन्मला.) मग खेळाडूंची खरेदी. लेस्टर पॅट्रिकला ३,०००, त्याचा भाऊ फ्रँकला २,००० आणि टेलरला ५,२५० डॉलर. मोसम १२ सामन्यांचा.

टेलरने म्हणे ओटावात बोलताबोलता गोलकीपर पर्सी लसूअरला सांगितलं की तुमच्यावर मी उलटा स्केटिंग करत गोल मारीन. बातमी झाली. फेब्रुवारी १९१० मध्ये तो रेन्फ्रूकडून ओटावात खेळायला आला तेव्हा कालपर्यंत डोक्यावर घेणारे तेच प्रेक्षक. लिंबं, बाटल्या, हाताला लागेल ते फेकत होते. गोल झाला नाही, संघही हरला. ८ मार्चला ओटावाचा संघ रेन्फ्रूला आला. रेन्फ्रू १७, ओटावा २. त्यातला एक गोल टेलरने, गावच्या वर्तमानपत्राच्या वर्णनाप्रमाणे, गर्रकन वळून, पाठमोरा सरकत जाऊन मारला. स्टॅनले कप मात्र रेन्फ्रूच्या नशिबी नव्हता.

जेवायला हाक आलीय. व्हँकूव्हरचं नंतर.


सुलूआत्या
शनिवार, संध्याकाळी ५:०२

मला हॉकीतलं ओ की ठो कळत नाही, त्यातून ही बर्फावरची. पण दंतवैद्यापाशी फुटले! हिशेब केला : ५,२५० भागिले १२ म्हणजे सामन्याला ४३७ डॉलर. ओटावाला अख्ख्या मोसमाचे ५०० होते ना? म्हणजे आधी वर्षाला जे मिळत होतं ते जवळजवळ एका रात्रीत. मीसुद्धा उलटी चालत गोल मारला असता.

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.


खडूस_मास्तर
शनिवार, रात्री ८:४५

लेख बरा आहे. तीन शंका.

गव्हर्नर जनरलची गोष्ट जरा जास्तच गोड आहे. टोपणनावं पत्रकार ठेवतात आणि मग वजन यावं म्हणून ती लाटसाहेबांच्या तोंडी घालतात.

रेन्फ्रूचं पुढे काय झालं?

आणि एवढा मोठा खेळाडू, तर एनएचएलच्या, म्हणजे आजच्या नॅशनल हॉकी लीगच्या, विक्रमांच्या यादीत कुठेच कसा नाही? मी आत्ताच शोधून आलो.


रेल्वेवाला_बंडू
शनिवार, रात्री १०:२०

नोकरीचं वाचून हसू आलं राव. आमचा मोठा काका परळचा, चढाईला एक नंबर. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागला. नंतर एका खासगी कंपनीने दुप्पट पगार देऊ केला तर आजी म्हणाली, "कंपनीला टाळं लागलेलं मी बघितलंय. रेल्वेला लागलेलं बघितलंस का तू कधी?" काका रेल्वेतच राहिला. पुढे गुडघा गेला, पण पास, क्वार्टर, पेन्शन सगळं शाबूत. कंपनीत गेलेल्या दोस्तांचं काय झालं ते गिरणगावात सांगायला नको.

हा टेलर आमच्या आजीचाच नातू दिसतोय.


हिवाळकर
रविवार, सकाळी ११:३०

बंडूशेठ, तुमची आजी अगदी बरोबर जागी आली.

मास्तर, लाटसाहेबांची गोष्ट 'सांगतात' म्हणूनच लिहिली आहे. रेन्फ्रू दोन मोसमांत आटोपलं. खर्च झेपेना, १९११ ला संघ मोडला आणि खेळाडूंची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली. टेलर मॉन्ट्रियल वॉन्डरर्सच्या वाट्याला आला. हा म्हणाला, जाणार नाही. कारण ओटावातली नोकरी, आणि ओटावातलीच थर्झा कुक, जिच्याशी पुढे त्याचं लग्न झालं. वॉन्डरर्स सोडेनात, हा हलेना. ओटावाने एकदा हिंमत करून त्याला खेळवला, तोही थेट वॉन्डरर्सविरुद्ध. लीगने तो सामना पुन्हा खेळायला लावला. झालं, आणखी एक हिवाळा असाच गेला. गंमत बघा, १९०४ ला 'टोरोंटोला ये' म्हटल्यावर गेला नाही म्हणून बसला, १९११ ला 'मॉन्ट्रियलला ये' म्हटल्यावर गेला नाही म्हणून. त्या काळचा सगळ्यांत महागडा हॉकीपटू ऐन सत्ताविशीत टेबलाशी बसून अर्जांवर शिक्के मारतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

सुटका पश्चिमेकडून झाली. रेन्फ्रूला बरोबर खेळलेले पॅट्रिक बंधू. त्यांच्या वडिलांनी ब्रिटिश कोलंबियातला लाकडाचा धंदा विकला आणि घरच्या त्या पैशावर पोरांनी पॅसिफिक किनाऱ्यावर स्वतःची लीग काढली, १९११ च्या अखेरीस. अडचण एकच : इथे बर्फच पडत नाही. पडतो तो पाऊस, कोकणासारखा, फक्त गार. म्हणून त्यांनी व्हिक्टोरिया आणि व्हँकूव्हरला कृत्रिम बर्फाचे रिंक बांधले, कॅनडातले पहिले. व्हँकूव्हरच्या डेनमन अरीनात साडेदहा हजार माणसं मावत, आणि शहराची वस्ती होती लाखभर! फ्रँक पॅट्रिक लीगचा अध्यक्ष, व्हँकूव्हर संघाचा मालक, प्रशिक्षक आणि बचावातला खेळाडू, सगळं एकटाच. पंचाशी भांडण झालं तर अपील कोणाकडे करायचं हा प्रश्नच नाही.

१९१२ च्या शेवटी टेलर व्हँकूव्हर मिलियनेअर्समध्ये आला. खात्यानेही त्याची बदली व्हँकूव्हरच्या इमिग्रेशन कार्यालयात केली. म्हणजे बदली मिळवून मग गाव सोडलं. इथे फ्रँकने त्याला बचावातून काढून पुढे आणला, रोव्हर केला. पॅसिफिकच्या लीगने थोड्याच दिवसांत बर्फावर निळ्या रेघा आखून मधल्या पट्ट्यात पुढे पास द्यायला परवानगी दिली. आता वेग होताच, त्याला समोरून पासही मिळायला लागले. पाच वेळा तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. १९१८ च्या मोसमात १८ सामन्यांत ३२ गोल, वय ३३.

आणि मार्च १९१५. पूर्वेचा विजेता ओटावा, म्हणजे टेलरचा जुना संघ, स्टॅनले कपसाठी खेळायला आगगाडीने इथवर आला. पूर्वेत आता सहा जणांचा खेळ, पश्चिमेत अजून सात, म्हणून एक सामना यांच्या नियमाने, एक त्यांच्या. कुठल्याच नियमाने ओटावाला जमलं नाही. ६-२, ८-३, १२-३. व्हँकूव्हर शहराने आजवर जिंकलेला हा एकमेव स्टॅनले कप. १९८२, १९९४, २०११, तिन्ही वेळा कनक्स, म्हणजे शहराचा आजचा संघ, अंतिम फेरीत हरले. २०११ ला तर हरल्यावर लोकांनी गाड्या जाळल्या.

एनएचएलचं उत्तर सोपं आहे मास्तर. ती लीग जन्मली २६ नोव्हेंबर १९१७ ला. तोवर हा इकडे नोकरीत मुरलेला. तो एनएचएलचा एकही सामना खेळला नाही. यादीच त्याच्यानंतर सुरू झाली.


लेह_रिटर्न
रविवार, दुपारी १:१५

मस्त चाललंय. नोकरीनिमित्त दोन हिवाळे लेहला काढले. कारझू तळ्यावर पोरंपोरी खेळताना तासन्‌तास बघितलंय. गोठलेल्या तळ्यावर पहाटे जे कडकडीत आवाज येतात ते ऐकल्याशिवाय कळत नाहीत. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी पळतच काठावर आलो होतो, आणि तिथली सात वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून खो खो हसत होती. दुपारी ऊन तापलं की खेळ बंद. नैसर्गिक बर्फावर साठ मिनिटं न थांबता खेळणं म्हणजे शेवटी शेवटी चिखलात स्केटिंग.

न्हाव्याचं अजून सांगा ना.


मोडी_वाचक
रविवार, दुपारी २:४०

एक मिनिट. इमिग्रेशन कार्यालय. व्हँकूव्हर. १९१२ पासून.

हिवाळकर, तुम्ही १९१४ चा उन्हाळा ओलांडून थेट १९१५ च्या कपवर उडी मारलीत. मुद्दाम?


हिवाळकर
रविवार, रात्री ९:०५

मुद्दाम. खरं तर धागा त्याच्यासाठीच काढला होता. लिहायला बसलो की हॉकीकडेच वळत होतो, कारण ते लिहायला मजा येते.

मार्च १९१४. टेलरने लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवलेत, त्याच महिन्यात व्हँकूव्हरला थर्झाशी लग्न झालंय. २३ मे १९१४ ला बंदरात एक जपानी जहाज आलं. कोमागाता मारू. हाँगकाँगहून निघालेलं, गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेलं. ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबातले शीख, काही मुसलमान, काही हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. टेलर जिथे नोकरी करत होता त्याच कार्यालयाचं काम होतं त्यांना अडवायचं. आणि जहाजावर पहिल्यांदा चढलेला कॅनेडियन अधिकारी म्हणून नाव सांगितलं जातं ते फ्रेड टेलरचं.

नियम १९०८ चा. कॅनडात उतरायचं तर मायदेशाहून थेट, मध्ये न थांबता, तिथेच काढलेल्या तिकिटावर यायचं. वाचायला कसा निरुपद्रवी वाटतो! कुठल्या वंशाचं, कुठल्या देशाचं नाव नाही. फक्त भारतातून कॅनडाला थेट जहाजच नव्हतं. जी कंपनी तसं तिकीट देऊ शकत होती तिला सरकारने ते विकू नका म्हणून सांगितलेलं. वर आशियातून येणाऱ्याजवळ २०० डॉलर रोख हवेत. सरकारी भाषेत माणसाला 'नाही' कसं म्हणायचं याचा हा नमुना आहे. आपण सगळे व्हिसाच्या रांगेत उभे राहिलेलो आहोत, तेव्हा चव ओळखीची असेल.

दोन महिने जहाज बंदरात, धक्क्यापासून लांब. आधीपासून कॅनडात राहणारे आणि जहाजावरच्या डॉक्टरचं कुटुंब धरून २४ जणांना उतरू दिलं. बाकीच्यांना नाही. शिधा संपला, पाणी संपत आलं. जुलैत एका रात्री पोलिसांना घेऊन 'सी लायन' नावाची बोट जहाज ताब्यात घ्यायला गेली तेव्हा वरून दगडी कोळशाचा मारा झाला आणि बोट परत फिरली. मग नौदलाची 'रेनबो' युद्धनौका आणली. २३ जुलैला कोमागाता मारू परत निघालं, तेव्हा शहरातली माणसं किनाऱ्यावर गर्दी करून बघत होती. सप्टेंबरच्या अखेरीस कलकत्त्याजवळ बजबजला पोचल्यावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात वीसेक प्रवासी मेले.

मी आकडे जुळवत बसलो होतो. जुलै १९१४ ची गर्दी आणि मार्च १९१५ ची, स्टॅनले कपची. दोन्हींत आठ महिन्यांचं अंतर, जागेचं अंतर तर चालत जाण्याइतकं. बरीचशी माणसं तीच असणार.


सुलूआत्या
रविवार, रात्री ९:५०

मी काल संध्याकाळी लिहिलेला विनोद परत घेते.


खडूस_मास्तर
रविवार, रात्री १०:३०

माहिती चोख, पण टेलरवर किती भार टाकायचा ते ठरवा. निर्णय ओटावात झाला. व्हँकूव्हरचा इमिग्रेशन प्रमुख माल्कम रीड आणि खासदार एच. एच. स्टीव्हन्स हे खरे कर्तेकरविते. हा हाताखालचा अधिकारी. शिडीवरून चढ म्हटलं, चढला. त्याने राजीनामा दिला असता तर दुसरा चढला असता.


मोडी_वाचक
रविवार, रात्री ११:१०

मास्तर, दुसरा चढला असता हे मान्य. पण हाच माणूस मॉन्ट्रियलला जायला नाही म्हणाला होता. वीस वर्षांचा असताना ह्युइटला नाही म्हणाला होता. नाही म्हणणं त्याला येत होतं.

त्या कार्यालयाबद्दल थोडी भर. तिथेच डब्ल्यू. सी. हॉपकिन्सन नावाचा अधिकारी होता, हिंदुस्थानात पोलिसात काम केलेला, हिंदी येणारा. त्याचं मुख्य काम तिकडच्या हिंदी क्रांतिकारकांवर पाळत ठेवणं. २१ ऑक्टोबर १९१४ ला मेवा सिंग यांनी त्याला व्हँकूव्हरच्या न्यायालयात गोळ्या घातल्या. ११ जानेवारी १९१५ ला मेवा सिंग फासावर गेले. टेलर तेव्हा मोसमाच्या मध्यात होता, आठवड्याला सामने चालू होते.

आता आपल्याकडचं. कोमागाता मारूच्या बातमीने गदरवाले, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचे लोक, पेटले. त्यांत आपला विष्णू गणेश पिंगळे होता, पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचा. इंजिनियरिंग शिकायला अमेरिकेत गेलेला, १९१४ च्या अखेरीस परत आला तो उठावाच्या तयारीला. मार्च १९१५ मध्ये मेरठला घोडदळाच्या छावणीत बॉम्बसकट पकडला गेला. तुम्ही वर जो स्टॅनले कपचा महिना दिलाय तोच. १६ नोव्हेंबरला लाहोरच्या तुरुंगात कर्तार सिंग सराभांसोबत फाशी. तळेगावला त्याच्याबद्दल विचारा, सांगणारे सापडतील. व्हँकूव्हरचं जहाज कोणाला ठाऊक नसतं.


खडूस_मास्तर
सोमवार, सकाळी ७:०५

'नाही म्हणणं त्याला येत होतं.' रात्रभर डोक्यात राहिलं. माझ्याकडे याला उत्तर नाही. तरीही एका शिडीवरून माणसाचं माप काढू नये एवढं म्हणतो आणि थांबतो.


लेह_रिटर्न
सोमवार, सकाळी ९:२०

त्या अरीनाची जागा आज आहे का?


हिवाळकर
सोमवार, रात्री ८:१५

अरीना १९३६ च्या ऑगस्टमध्ये जळला. जॉर्जिया आणि डेनमन रस्त्यांच्या कोपऱ्यावर, पाण्यालगत होता. आता तिथे बाग आहे, कुत्री फिरवणारे आणि सायकलवाले. लेकाला घेऊन आज संध्याकाळी तिथून चालत निघालो, पाणी डावीकडे ठेवून. वाटेत नावा बांधलेल्या, समोर डोंगर, टोकांवर थोडा बर्फ. मुलगा मध्ये दोनदा बसला, तरी वीसपंचवीस मिनिटांत कोमागाता मारूच्या स्मारकाशी पोचलो. २०१२ साली, २३ जुलैलाच उघडलेलं. जहाजाच्या कुशीसारखा आकार, आणि प्रवाशांची नावं. लेकाला गुरुमुखी येत नाही, रोमन लिपीतली वाचत होता. 'सिंग' मोजायला लागला आणि चाळिसाच्या पुढे कंटाळला.

मग विचारलंन, "टेलरचं कुठंय?"

म्हटलं, त्याचं दुकानावर आहे.

लेह_रिटर्न, न्हाव्याबद्दल एवढंच : स्वतः जोरदार स्केटिंग करायचा, लिस्टोवेलच्या बर्फावर पोरांना शिकवायचा. बाकी काही हाती लागलं नाही.


रेल्वेवाला_बंडू
सोमवार, रात्री ९:४०

नोकरीचं शेवटी काय झालं? पेन्शन किती वर्षं घेतली?


हिवाळकर
सोमवार, रात्री १०:२५

खेळ सुटला १९२१ ला (नंतर एक सामना हौसेने खेळला, तो सोडा). नोकरी चालूच. चढत चढत ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनचा इमिग्रेशन कमिशनर झाला. १९४६ ला त्या सेवेबद्दल ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरचा किताब. १९४७ ला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये. तो 'थेट प्रवासा'चा नियम रद्द झाला तोही १९४७ लाच, आणि त्याच वर्षी इथल्या भारतीयांना मताचा हक्क मिळाला. १९५० ला निवृत्त. १९५२ ला प्रांताच्या निवडणुकीला उभा राहिला, पडला. ९ जून १९७९ ला व्हँकूव्हरमध्ये गेला, ९४ वर्षांचा होऊन.

म्हणजे निवृत्तीनंतर २९ वर्षं. आजीला कळवा.


रेल्वेवाला_बंडू
सोमवार, रात्री १०:५५

आजी असती तर तिने आधी जहाजातल्या लोकांना जेवायला कोणी दिलं ते विचारलं असतं.